‘साकु’ की ‘पुरे’? आजच्या कवितेच्या आवाजाविषयी

‘आजची कविता कळत नाही’ ही तक्रार शिक्षकांच्या खोलीत मी तीस वर्षे ऐकत आलो आणि पुष्कळदा स्वतःही केली. अलीकडे मात्र वाटते, अर्थ कळणे ही पुढची गोष्ट. तिच्यात कोण बोलते आहे, हे तरी आपण ऐकतो का?

खरे तर बेळगावकरांना ही सवय असायला हवी. इंदिरा संत (१९१४–२०००) आपल्याच गावात राहिल्या. त्यांच्या ‘गर्भरेशीम’ला १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या कवितेतली बाई आवाज चढवत नाही, स्वतःशीच बोलते. आपण दाराआड उभे राहून ऐकतो आहोत असे वाटते. तो आवाज दुसऱ्या कुणाचा असूच शकत नाही.

त्यांच्यानंतरच्या कवींचे आवाज वेगळे, पण तितकेच स्वतःचे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) कामाठीपुऱ्यातले शब्द आले, तेव्हा जाणत्या वाचकांनाही ते कोशात सापडेनात. कोल्हापुरात जन्मलेल्या अरुण कोलटकरांनी मुंबईची बोलीतली हिंदी मराठी कवितेत बिनदिक्कत आणली. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’मधून (१९८७) आदिवासी माणूस स्वतः बोलू लागला. कल्पना दुधाळ यांच्या एका संग्रहाचे नाव ‘सीझर कर म्हणतेय माती’. खेड्यातल्या बायकांच्या बोलण्यात रुळलेला दवाखान्यातला शब्द इथे मातीच्या तोंडी आला आहे. ‘सीझर’च्या जागी ‘शस्त्रक्रिया’ घालून पाहा. माती एकदम गप्प होते.

याचा अर्थ बोलीतले चार शब्द पेरले की कविता झाली, असा नव्हे. ओळी तोडून लिहिलेले गद्य आज मोबाईलवर रोज येते, आणि त्यातली ‘वेदना’ व ‘अस्तित्व’ कुणाचीही असू शकतात. माझी कसोटी साधी आहे. कवीचे नाव झाकावे, कविता मोठ्याने वाचावी आणि विचारावे, हे कोण बोलले? उत्तरादाखल एखादे माणूस डोळ्यांपुढे उभे राहिले नाही, तर छंद असो वा मुक्तछंद, कविता उणी पडली.

ही कसोटी आपल्या भागालाही लावायला हवी. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथली साहित्य संमेलने म्हणजे सीमाभागाची मोठी कमाई. पण तिथल्या कविसंमेलनांत पुष्कळ कविता व्यासपीठाच्या आवाजात बोलतात. त्यातली तळमळ खरी असते, आवाज मात्र उसना. कारण उघड आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपण तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो आणि भाषा जपणे हे घरोघरचे काम झाले. जपता जपता आपण ती धुऊ लागलो.

त्यात मीही आलो. शाळेच्या हस्तलिखितासाठी एका मुलाने आजीवर कविता दिली होती. आजी धारवाडकडची. नातवंडे ताटात वाढू लागली, की ती हात आडवा धरून ‘साकु, साकु’ म्हणे. मी लाल शाईने ‘साकु’ खोडले आणि वर ‘पुरे’ लिहिले. शब्द शुद्ध झाला, पण आजी कवितेतून उठून गेली. मुलाने काही विचारले नाही. पुन्हा कविताही दिली नाही.

पुढे धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांविषयी वाचताना ते खोडणे आठवले. त्यांच्या घरची भाषा मराठी, कविता कन्नडात. ‘नाकुतंती’साठी त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. धारवाडची बोली त्यांनी धुऊन घेतली नाही. तशीच कवितेत बसवली. अण्णा, अक्का, अडकित्ता हे कन्नडातून आलेले शब्द आपणही पिढ्यान्‌पिढ्या वापरतो, आणि त्यांनी मराठी कधी बाटली नाही.

आपल्या घरात दोन भाषा नांदतात, ही अडचण समजून आपण मुलांना एकीचीच कविता लिहायला लावतो. ढसाळांना, कोलटकरांना जे मुंबईत शोधावे लागले, ते आपल्या मुलांच्या जेवणाच्या पंगतीत आहे. यंदाही हस्तलिखितासाठी कविता येतील. ऱ्हस्व-दीर्घ मी तपासीनच. ते माझे कामच आहे. पण शब्द खोडण्यापूर्वी मुलाला जवळ बोलावून विचारीन, ‘हे तुझ्या घरी कोण म्हणते रे?’