जुनं दिसणारं थिएटर आणि जुनी चित्रं

आज ज्या चित्रपटगृहाबद्दल बोलायचं आहे, ते अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या ब्लूमिंग्टनच्या आवारात आहे. नाव आययू सिनेमा, खुर्च्या जेमतेम २६०. आत शिरल्यावर वाटतं, बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातलं थिएटर असावं. तसं ते नाही. १९४१ च्या सुमाराला ही वास्तू उभी राहिली ती नाटकांसाठी. चित्रपटगृह म्हणून ती उघडली २०११ च्या जानेवारीत. म्हणजे सिनेमा इथे तसा नवखाच.

आता जुन्या थाटाची सजावट काय, पैसे टाकले की मॉलमध्येही होते. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की इथे ३५ आणि १६ मिलिमीटरची रिळं आजही चालवता येतात. त्याला जाणकार माणूस लागतो, वेळ लागतो. हा जुनेपणा राबून टिकवलेला आहे.

पण खरा पेच भिंतींवर आहे. टॉमस हार्ट बेंटन या चित्रकाराने १९३३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी इंडियानाचा इतिहास भल्यामोठ्या फलकांवर रंगवला. ते फलक पुढे विद्यापीठाकडे आले. त्यातले काही या थिएटरात, बरेचसे शेजारच्या सभागृहात, आणि दोन वुडबर्न हॉलमधल्या एका वर्गात. वर्गातल्या एका फलकावर कू क्लक्स क्लॅनचे झगेवाले आणि जळता क्रूस आहे. बेंटनचा हेतू निंदेचा होता. क्लॅनला उघडं पाडणारी वृत्तपत्रंही त्याने तिथेच रंगवली आहेत. पण हेतू काही चित्राशेजारी उभा राहून रोज खुलासा करत नाही! कृष्णवर्णीय मुलीने तासाला यायचं ते शिकायला, आणि समोर तो क्रूस. विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं आक्षेप घेतले. २०१७ मध्ये तिथे वर्ग भरवणं थांबलं, चित्र जागेवरच राहिलं. माझ्या मते हे योग्य झालं. प्रश्न चित्र असावं की नसावं एवढाच नव्हता, सक्तीने पाहायला लावण्याचा होता.

आणि इथे थिएटर उपयोगी पडतं. सिनेमाचे स्वतःचे हात काही स्वच्छ नाहीत, बरं का. ग्रिफिथच्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ने १९१५ मध्ये क्लॅनला नवं बळ दिलं, आणि पुढच्या दशकात ती संघटना इंडियानात सत्तेपर्यंत पोचली. तरी तो चित्रपट जाळून टाका असं मी म्हणणार नाही. चित्रपटगृहात माणूस ठरवून येतो, आधी कुणीतरी चार शब्द सांगतं, नंतर वाद होतो, आणि नको वाटलं तर उठून जाता येतं. हजेरी लागत नाही. मी आयुष्यभर वर्ग घेतले, तिथे ही मोकळीक मला कधी देता आली नाही.

याच विद्यापीठात १९८१ पासून कृष्णवर्णीयांच्या चित्रपटांचा संग्रहही आहे. ग्रिफिथला उत्तर देणारी रिळं आणि ती चालवणारं यंत्र, दोन्ही एकाच आवारात आहेत. कार्यक्रम आखताना तिथल्या मंडळींनी ती किती वेळा एकत्र आणली, यावरून मी त्या थिएटरची किंमत ठरवेन.