असीरियन न्याय : विधिवाक्य आणि निवाडा

असूर नगराच्या उत्खननात (१९०३–१४) मिळालेल्या विधिविषयक मृत्पट्टिका प्रसिद्ध झाल्यापासून असीरियन न्याय म्हणजे नाककान कापणारा न्याय, असे समीकरण रूढ झाले. ते सर्वस्वी निराधार नाही. स्त्रियांविषयीच्या ‘अ’ पट्टिकेत गणिकेने मस्तक झाकल्यास ५० फटके मारून डोक्यावर डांबर ओतावे, असे शासन सांगितले आहे. परंतु विधिवाक्यावरून प्रत्यक्ष न्यायदानाचे स्वरूप ठरविणे ही पद्धतीची चूक होय.

या पट्टिकांच्या उपलब्ध प्रती इ. स. पू. ११०० च्या सुमाराच्या आहेत. निनवे, असूर आदी नगरांतील निवाडापत्रे मुख्यतः इ. स. पू. ७ व्या शतकातील आहेत. त्यांत जुन्या कलमांचा हवाला आढळत नाही. निवाडा करणारेही स्वतंत्र न्यायाधीश नसून ‘सर्तिन्नु’, ‘सुक्कल्लु’ यांसारखे राज्याधिकारी किंवा ‘खझन्नु’ हा नगरप्रमुख असत. ‘देनु’ या एकाच शब्दाने दावा आणि निर्णय हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. अशा स्थितीत ‘न्यायालय’ हा आपला शब्द योजल्यास, मुळात नसलेली एक संस्था आपण तेथे उभी करतो. ‘निवाडा’ हा शब्द वस्तुस्थितीला अधिक जवळचा आहे.

निवाडापत्रांचा रोखही बोलका आहे. चोरी असो वा मनुष्यवध, भर भरपाईवर असतो आणि अनेकदा शेवटी उभय पक्षांत ‘शुल्मु’, म्हणजे शांतता, झाल्याचे नमूद होते. ही दृष्टी सर्वस्वी नवी नव्हे. जुन्या ‘ब’ पट्टिकेतही घातक्याला ‘प्राणाच्या धन्या’च्या हाती देण्यास सांगितले आहे, त्याने हवे तर त्यास ठार करावे, हवे तर तडजोड करून त्याचा वाटा घ्यावा. शिक्षा आणि समेट हे दोन्ही पर्याय एकाच वाक्यात आहेत.

तथापि यावरून असीरियन न्याय सौम्य होता, असे उलट टोकाचे अनुमान काढणेही योग्य नव्हे. निवाडापत्र हे पक्षकाराने आपल्या हक्काचा पुरावा म्हणून जपलेले साधन आहे. ज्याला फटके बसले किंवा ज्याचे कान कापले गेले, त्याला जपण्याजोगे काही उरत नसे. म्हणून विधिवाक्य आणि निवाडा यांपैकी कोणतेही एक साधन पुरेसे नाही. कोणता लेख कोणी व कशासाठी राखला, हा प्रश्न त्यातील मजकुराच्या आधी विचारला पाहिजे.