चंद्रलोकीचा प्रवासी कोण?

चंद्रप्रवास हा मराठी वाङ्मयाला नवा विषय नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळ कोकिळ’ मासिकातून ज्यूल व्हर्नच्या कादंबरीचे ‘चंद्रलोकची सफर’ हे रूपांतर प्रसिद्ध झाले. मराठी विज्ञानकथेचा उगम पुष्कळ अभ्यासक तेथेच शोधतात. पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्न मुलांच्या हाती दिला आणि ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहाने डॉ. जयंत नारळीकरांनी या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून दिली. ही परंपरा मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. या साऱ्या लेखनात आकाशाकडे जाणारा माणूस कोण आहे? सामान्य माणसाला चंद्रावर जावेसे वाटेल काय, हे आपल्या वाङ्मयाने कधी विचारले आहे काय?

मूळ व्हर्नमध्ये हा प्रश्न निदान डोकावतो. १८६५ च्या त्या कादंबरीत तोफखान्याच्या तज्ज्ञांनी चंद्रावर केवळ गोळा डागायचे ठरवलेले असते. त्या गोळ्यात बसून मी जाईन, अशी तार पाठवणारा मिशेल आर्दाँ शास्त्रज्ञ नाही. त्याच्यापाशी कुतूहल आहे आणि बेफिकिरी आहे. परतीच्या वाटेची त्याला चिंता नाही. मात्र त्याच्यामागे घर, शेत, म्हातारी आई असे काहीच नाही. अशा मोकळ्या माणसाला ‘सामान्य’ म्हणता येत नाही. आपल्या विज्ञानकथेने तर बहुधा शास्त्रज्ञालाच नायक केले. सामान्य माणूस तेथे फार तर वर्तमानपत्र वाचणारा, चकित होणारा प्रेक्षक म्हणून येतो.

सामान्यांना अशी ओढ नसतेच, असे मात्र म्हणता येणार नाही. १९६८ च्या अखेरीस अपोलो-८ चंद्राला प्रदक्षिणा घालून आले. त्यानंतर पॅन अ‍ॅम या अमेरिकन विमान कंपनीच्या भावी चंद्रफेरीच्या प्रतीक्षायादीत १९७१ पर्यंत ९३,००० हून अधिक लोकांनी नावे घातली. पुढे १९९१ मध्ये ती कंपनीच बुडाली. जपानी उद्योगपती युसाकु माएझावा यांनी २०१८ मध्ये चंद्रप्रदक्षिणेची योजना जाहीर केली तेव्हा ते सोबत कलावंतांना नेणार होते. २०२१ मध्ये त्यांनी ती सर्वांना खुली केली आणि सुमारे दहा लाख अर्ज आले. २०२४ मध्ये ती योजनाही रद्द झाली. पण यादीत नाव घालायला लागते ते कुतूहल. प्रत्यक्ष निघायला लागतात ती कारणे, आणि वाङ्मयाचा खरा संबंध या कारणांशी असतो.

ती कारणे शोधायची तर परभणी जिल्ह्यातील गंगाखेडकडे वळावे. गोदाकाठचे हे गाव संत जनाबाईंचे. लहान वयात त्या येथून पंढरपुरास गेल्या आणि नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिल्या, अशी परंपरा आहे. त्यांच्या अभंगांत प्रवासाची दिशाच उलटी आहे. जनाबाई वैकुंठाला जायची वाट पाहत नाहीत. विठ्ठलच खाली येतो, जात्याचा खुंटा धरतो, शेण्या वेचू लागतो. ज्याच्या भेटीसाठी दूर जायचे तोच कामाच्या जागी येऊन उभा राहतो. हा महत्त्वाकांक्षेचा अभाव आहे, असे समजणे म्हणजे त्या कवितेला न समजणे होय. काम टाकून निघणे ज्याच्या हाती नाही, त्याच्या कल्पनाशक्तीने शोधलेला तो मार्ग आहे.

लोकमानसाने चंद्राशीही असेच वर्तन केले. त्याला मामा केले. मामाच्या गावी जायचे ते त्याचे गाव बघायला नव्हे. तेथे आपली वाट पाहणारे कोणी असते, जेवू घालणारे असते आणि सुटी संपली की परत यायचे असते. वारीचेही तसेच. पुढे भेट, सोबत दिंडी आणि मागे घर. भेट, सोबत आणि परतणे या तीन गोष्टी असल्या की आमचा सामान्य माणूस कितीही चालतो. विज्ञानकथेने त्याला दाखवला तो केवळ देखावा.

तथापि येथेच थांबणे भाबडेपणाचे ठरेल. माणसे केवळ ओढीने निघत नाहीत. बऱ्याचदा त्यांना निघावे लागते. १९७२ च्या डिसेंबरात अपोलो-१७ चे दोन प्रवासी तीन दिवस चंद्रावर राहिले आणि सुमारे ११० किलो दगडमाती घेऊन परतले. त्याच वेळी दुष्काळाने होरपळलेल्या मराठवाड्यात बायाबापड्या सरकारी कामांवर खडी फोडत होत्या. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील अशा मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली. एकाच काळात दोन ठिकाणी दगड वेचले जात होते. एकाची नोंद मानवजातीच्या इतिहासात झाली, दुसऱ्याची हजेरीपटावर. या दोन्ही दगडांना एका कथेत आणणारा लेखक मराठीला अजून मिळायचा आहे.

आजही दिवाळीच्या सुमारास या भागातून ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे निघतात. त्यांना साखरपट्ट्यात ‘जावेसे वाटते काय’, असे कोणी विचारत नाही. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. तेथील बर्फाच्या आणि खनिजांच्या उपयोगाची चर्चा आता जगभर होते आहे. उद्या खरोखरच तेथे खाणी निघाल्या आणि त्यांना माणसांचे हात लागले, तर सामान्य माणूस चंद्रावर जाईल तो बहुधा प्रवासी म्हणून नव्हे, मुकादमाकडून उचल घेतलेला मजूर म्हणून. तेव्हा त्याच्या इच्छेचा प्रश्न विचारून उपयोग होणार नाही.

तो प्रश्न आधी विचारण्याचे काम साहित्याचे आहे. यानाची रचना, गुरुत्वाकर्षण, इंधन यांची बिनचूक माहिती ही विज्ञानकथेची आवश्यक अट असेल, पुरेशी नव्हे. निघणाऱ्याने मागे काय ठेवले, पुढे त्याची वाट पाहणारे कोण आहे आणि त्याला परत कोण आणणार, हेही तिने सांगितले पाहिजे. ‘चंद्रलोकची सफर’ मराठीत आली त्याला आता शतकाहून अधिक काळ लोटला. गंगाखेडच्या स्थानकावर बोचके घेऊन बसलेल्या माणसासाठी त्या सफरीत जागा करणे अजून बाकी आहे.