फावला वेळ कोणाचा? : मराठी ललित व आत्मपर गद्यातील छंदांची लिंगभावाधारित चिकित्सा

मराठीतील 'छंद' या शब्दाला दोन अर्थपरंपरा लाभल्या आहेत. संस्कृतातील 'छंदस्' म्हणजे वृत्त, तर 'छंद' म्हणजे इच्छा, स्वतःची मर्जी. पहिल्यात बंधन अभिप्रेत आहे, दुसऱ्यात मोकळीक. आणि 'स्वच्छंद' या शब्दात ही मोकळीक अधिकच ठळक होते. व्यवहारातील भाषेत या शब्दाभोवती नाद, वेड, व्यासंग, आवड, हौस असे शब्दांचे एक गोतच जमलेले आहे. या शब्दांची वाटणी स्त्री-पुरुषांमध्ये कशी झाली आहे, हे पाहणे उद्बोधक ठरते. पुरुषाला नाद लागतो, तो छांदिष्ट असतो, प्रसंगी छंदीफंदीही ठरतो. स्त्रीला हौस असते. यांतील क्रियापदेही लक्षणीय आहेत. छंद जोपासला जातो, हौस पुरवली जाते. जोपासणारा आपल्या छंदाचा धनी असतो. हौस पुरविणारा मात्र बहुधा दुसराच कोणी असतो. 'बायकोची हौस' या शब्दप्रयोगात पुरविणाऱ्याचा खिसा गृहीत धरलेला आहे. 'छांदिष्ट बाई' हा प्रयोग व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही कानाला अनोळखी वाटतो, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

स्त्रिया आणि पुरुष छंदांकडे वेगवेगळ्या दृष्टीने पाहतात, असे एक सर्वमान्य विधान नेहमी केले जाते. पुरुष संग्रह करतो, स्पर्धा करतो, तपशिलात बुडतो. स्त्री छंदातही उपयुक्तता शोधते, नाती जोडते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. हा फरक स्वभावाचा मानला की प्रश्न तेथेच संपतो. प्रस्तुत लेखात तो वेळेच्या मालकीचा फरक आहे, अशी भूमिका घेतली असून काही मराठी ललित व आत्मपर ग्रंथांच्या आधारे तिची तपासणी केली आहे.

मराठी गद्यात छांदिष्टपणाला खरी प्रतिष्ठा मिळाली ती पु. ल. देशपांडे यांच्या लेखनाने. जोगेश्वरी आणि पार्ले या उपनगरांत बालपण घालविलेल्या या लेखकाने 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) मध्ये एकेका ध्यासाने झपाटलेली माणसे उभी केली. इतिहासात रमणारे हरितात्या, ग्रंथांच्या भाषेत बोलणारा सखाराम गटणे, समारंभांच्या आयोजनात हरवलेला बापू काणे ही सारी मंडळी मराठी वाचकाला घरच्यांइतकी परिचित आहेत. परंतु या ग्रंथाची अनुक्रमणिका पाहिली असता, एका चौकोनी कुटुंबाचे चित्र वगळता शीर्षकस्थानी सर्वत्र पुरुषच आढळतात. 'वल्ली' हा शब्द स्त्रीलिंगी वेलीवरून आलेला असावा असा भास होतो खरा, पण या ग्रंथात तो वेल पुरुषांच्याच अंगणात वाढला आहे. 'गणगोत'मध्ये 'बाय' येते, मात्र ती आजी म्हणून येते. तिच्याकडे जाण्याचा मार्ग नात्याचा आहे. हा लेखकाचा दोष म्हणता येणार नाही. वल्ली होण्यासाठी घरच्यांच्या गैरसोयीची पर्वा न करण्याची जी मुभा लागते, ती त्या काळच्या मध्यमवर्गात कोणाला होती, याचा तो प्रामाणिक दस्तऐवज आहे. विनोदी लेखक समाजात जे हास्यास्पद व क्षम्य ठरते तेच टिपतो. स्त्रीचे झपाटलेपण त्या समाजात क्षम्य नव्हते.

त्याआधीच्या काळात तर स्त्रीचे साधे वाचनही चोरट्या छंदासारखे होते. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) मध्ये पतीच्या आग्रहाने शिकू लागलेल्या सुनेला घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून जे सोसावे लागले, त्याचे मूळ केवळ सनातनी मतांत नव्हते. पुस्तक हाती घेतलेली सून तेवढा वेळ घराच्या हाती नसते, हा हिशेबही त्यामागे होता.

हा हिशेब मुंबईच्या उपनगरांत आजही रोज दिसतो, आणि तो पाहण्यासाठी लोकलगाडीसारखे दुसरे ठिकाण नाही. बोरीवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर येथून निघणाऱ्या गाड्यांतील भजनी मंडळे प्रसिद्ध आहेत. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, टाळ, ठेका धरणारे हात आणि वर्षानुवर्षे टिकलेला गट, असे त्यांचे स्वरूप असते. पुरुषांच्या डब्यातील हे भजन कशाचीही पूर्वतयारी नसते. ते स्वतःच साध्य असते. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरीवली अशी केवळ स्त्रियांसाठीची पूर्ण गाडी सुरू झाली. तिला 'लेडीज स्पेशल' असे सुटसुटीत नाव मिळाले. या गाडीत व इतर गाड्यांच्या महिला डब्यांतही गाणी होतात, हळदीकुंकू होते, दसऱ्याला डबा सजविला जातो. परंतु त्याच बाकावर मेथी निवडली जाते, मटार सोलले जातात, विणकामाच्या सुया चालतात. संध्याकाळच्या स्वयंपाकाचा पहिला अंक दादर ते अंधेरी या टप्प्यात पार पडतो. या दृश्याचे कौतुक करणारे लेखन विपुल आहे. त्या कौतुकात दडलेली विसंगती फारशी कोणी नोंदविलेली दिसत नाही. एकाच मार्गावर, एकाच वेळी, एकाच भाड्यात प्रवास करणाऱ्या दोन डब्यांपैकी एका डब्यातील तास रिकामा आहे आणि दुसऱ्यातील तास आधीच गहाण पडलेला आहे.

आकडेवारीही याला पुष्टी देते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पुरुषांची नऊ. अंतर जवळपास होते तेथेच राहिले.

वेळेइतकाच जागेचाही प्रश्न आहे. वन रूम किचनच्या घरात पुरुषाच्या छंदाला एखादा कोपरा मिळतो. बंद केलेल्या गॅलरीतील मत्स्यपेटी, कपाटाचा वरचा कप्पा, नाण्यांचे व तिकिटांचे अल्बम यांना हात लावायचा नसतो. स्त्रीचा छंद पिशवीत मावतो. क्रोशाचे काम, भरतकाम, स्वेटर यांचा एक गुण असा की ते कोणत्याही टाक्यावर थांबविता येतात. कुकरची शिट्टी झाली, दाराची घंटा वाजली, मूल उठले, की सुई खोचून ठेवायची व पुन्हा तेथूनच उचलायचे. स्त्रियांना उपयुक्त छंद आवडतात असे म्हणण्यापेक्षा, खंड पडूनही न बिघडणारे छंदच त्यांच्या वाट्याला उरले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल. रोझिका पार्कर यांनी 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' (१९८४) या ग्रंथात भरतकाम व स्त्रीत्वाची घडण यांचा संबंध युरोपीय इतिहासाच्या आधारे उलगडला आहे. खाली मान घालून भरतकाम करणारी स्त्री आज्ञाधारक दिसते, आणि त्याच मुद्रेत तिला स्वतःच्या विचारांचा एकांतही मिळतो, हे त्यांचे निरीक्षण आपल्याकडील माजघरालाही लागू पडते.

या संदर्भात सुनीता देशपांडे यांच्या 'आहे मनोहर तरी' (१९९०) या ग्रंथाचे पुनर्वाचन आवश्यक वाटते. प्रकाशनानंतर या ग्रंथाची मोठी चर्चा झाली, पण ती बहुतांशी एका लोकप्रिय लेखकाच्या पत्नीने त्याच्याविषयी काय सांगितले, याभोवतीच फिरत राहिली. कोणी त्याला तक्रारीचा सूर मानले, कोणी धाडसाचा. दोन्ही वाचने अखेर पतीकेंद्रीच होती. त्या ग्रंथाला वेळेविषयीचा ग्रंथ म्हणून वाचले तर वेगळेच चित्र दिसू लागते. पेटी, नाटक, संगीत, मैफल, मित्र यांत रमणाऱ्या 'भाईं'च्या भोवती घर, हिशेब, प्रवास, प्रयोगांची व्यवस्था, मुद्रिते यांची जी चौकट उभी आहे, ती कोणीतरी रोज उभारीत असते. एकाचा स्वच्छंद दुसऱ्याच्या शिस्तीवर उभा असतो. हे सुनीताबाई आदळआपट न करता, तपशिलांतून सांगतात, आणि या व्यवस्थेतील स्वतःच्या संमतीलाही त्या प्रश्न विचारतात. त्यामुळे त्या लेखनाला तक्रार म्हणणे अपुरे ठरते.

मग सुनीताबाईंचा स्वतःचा छंद कोणता? उत्तर ग्रंथाच्या पानापानांवर आहे: कविता. त्यांना असंख्य कविता मुखोद्गत होत्या आणि त्यांच्या गद्यात त्या सहज येत राहतात. समीक्षेने ही त्यांची रसिकता म्हणून गौरविली आहे. परंतु पाठांतर हा छंदाचा कोणता प्रकार आहे, याचा विचार झालेला दिसत नाही. पाठ केलेल्या कवितेला टेबल लागत नाही, कोपरा लागत नाही, पुस्तक उघडे ठेवण्याइतकीही उसंत लागत नाही. हात कामात असताना ती मनात चालू शकते, कोणी हाक मारली तर थांबते आणि हाक संपल्यावर त्याच ओळीवर पुन्हा सापडते. पिशवीतल्या विणकामाचेच हे सर्वांत सूक्ष्म रूप होय. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या स्त्रियांची परंपरा याहून फार निराळी नाही. सुनीताबाईंसारखी सुशिक्षित, कर्तबगार, स्वतंत्र विचारांची स्त्रीही ज्या छंदात सर्वाधिक खोल गेली, तो कोणाच्याही वेळापत्रकाला धक्का न लावणारा छंद होता, हे त्या ग्रंथाचे अलिखित दुःख आहे.

पुरुषाच्या छंदाचे दुसरे टोक पाहण्यासाठी उपनगराबाहेर, पुण्यात जावे लागते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय अकाली निधन पावलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने उभे आहे. हा संग्रह १९७५ मध्ये त्यांनी महाराष्ट्र शासनाकडे सुपूर्द केला. या ध्यासाची थोरवी निर्विवाद आहे. मात्र त्यातील दालनांतून फिरताना एक गोष्ट ध्यानात येते. दिवे, अडकित्ते, वज्री, फण्या, स्वयंपाकघरातील भांडी अशा कितीतरी वस्तू बायकांच्या हातांनी झिजलेल्या आहेत. वज्रीने रोज पाय घासणाऱ्या स्त्रीला तिचा आकार मोराचा आहे की हत्तीचा, याकडे पाहण्याची सवड असेल वा नसेल. ती वस्तू कलावस्तू ठरली ती संग्राहकाच्या हाती आल्यावर. कमलाबाई केळकर यांनी पतीला या कार्यात दिलेली साथ आदराने सांगितली जाते. 'साथ' हाही पुन्हा संगीतातलाच शब्द! मैफल दुसऱ्याची असते.

याला छेद देणारी दोन उदाहरणे मराठीत आहेत, आणि त्यांची दखल न घेता वरील मांडणी एकांगी होईल. पहिले अनिल अवचट यांचे. 'छंदांविषयी' या पुस्तकात ओरिगामी, लाकडातील शिल्पे, बासरी, चित्रे यांविषयी ते लिहितात, तेव्हा त्यांत संग्राहकाची मालकी नसते. स्वयंपाकही त्यांना छंदच वाटतो. कागदाची घडी घालणे हे कुठेही, कधीही थांबविता येणारे काम आहे. म्हणजे एका पुरुषाने येथे 'बायकी' छंदाची रीत आपलीशी केलेली दिसते. हे कसे शक्य झाले, याचे उत्तरही त्यांनीच 'स्वतःविषयी'मध्ये मोकळेपणाने दिले आहे: मनोरुग्णालयात नोकरी करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांच्या पगारावर घर चालत होते. या कबुलीत मोठेपणा आहे. तरीही घरी राहणाऱ्या पुरुषाचा स्वयंपाक छंद म्हणून ग्रंथविषय होतो आणि घरी राहणाऱ्या स्त्रीचा होत नाही, ही विषमता त्यामुळे मिटत नाही.

दुसरे उदाहरण दुर्गा भागवत (१९१०-२००२) यांचे. लोकसाहित्याच्या या अभ्यासक विदुषीने 'खमंग' हे पाककृतींचे पुस्तक लिहिले, तेव्हा अनेकांना नवल वाटले. वस्तुतः नवलाचे कारण नव्हते. 'ऋतुचक्र' (१९५६) मध्ये झाडांचे रंग आणि गंध ज्या इंद्रियांनी टिपले, त्याच इंद्रियांनी त्या फोडणीकडे पाहतात. पण एक भेद महत्त्वाचा आहे. दुर्गाबाई अविवाहित होत्या. रोज ठरलेल्या वेळी कोणाच्या पानात काही पडलेच पाहिजे, असा पत्नीपणाचा करार त्यांच्या स्वयंपाकावर नव्हता. तोच पदार्थ, तीच कृती. कर्तव्य बाजूला होताच स्वयंपाकाचा छंद झाला आणि छंदाचा व्यासंग. स्त्रीच्या छंदाची उपयुक्तता तिच्या वृत्तीत असते की तिच्याकडून असलेल्या अपेक्षेत, या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर मराठीत दुसरे सापडत नाही.

पुढे पु. ल. आणि सुनीताबाई यांनी बोरकरांच्या कवितांच्या वाचनाचे जाहीर कार्यक्रम केले. रसिकांनी ते मोठ्या प्रेमाने ऐकले. त्या कार्यक्रमांचे मूल्यमापन आजवर बोरकरांची कविता आणि वाचनाची शैली या दोनच अंगांनी झाले आहे. तिसरे अंग असे की, कामे करताना मनात चालणारी कविता येथे प्रथमच घड्याळ लावून, श्रोत्यांना समोर बसवून म्हटली गेली. तारीख ठरलेली होती, वेळ छापलेली होती, आणि त्या वेळेत सुनीताबाईंना कोणी मध्येच हाक मारणार नव्हते.