‘नैतिकदृष्ट्या संदिग्ध’ म्हणजे नेमकं काय? एल्डर स्क्रोल्समधले डेड्रा

व्हिडिओ गेममधल्या दैत्यरूपी देवतांवर संशोधन करायचं म्हटलं की प्रपोजलमध्ये एक शब्दप्रयोग सहज येतो: ‘या देवता नैतिकदृष्ट्या संदिग्ध आहेत’. ऐकायला भारी, पण यावर व्हायवात पुढचा प्रश्न ठरलेला आहे. संदिग्धता नक्की कुठे आहे? देवतेच्या स्वभावात, तिच्याबद्दल बोलणाऱ्या माणसांत, की खेळाच्या नियमांत? तिन्हींची उत्तरं वेगळी निघू शकतात. बेथेस्डाच्या ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतले दोन गेम, ‘मॉरोविंड’ (२००२) आणि ‘स्कायरिम’ (२०११), घेऊन हे बघू.

आधी शब्द. या विश्वातल्या एल्फ भाषेत ‘एड्रा’ म्हणजे साधारण ‘आमचे पूर्वज’ आणि ‘डेड्रा’ म्हणजे ‘आमचे पूर्वज नसलेले’. मर्त्य जग घडवण्यात एड्रांनी भाग घेतला, डेड्रांनी घेतला नाही. म्हणजे ही विभागणी वंशावळीची आहे, चांगल्या-वाईटाची नाही. डेड्राचं भाषांतर सरळ ‘राक्षस’ केलंत की विश्लेषण सुरू होण्याआधीच निकाल लागतो.

मग चांगलं-वाईट येतं कुठून? मॉरोविंडमधले डनमर लोक अझुरा, बोएथाया आणि मेफाला यांना मानाचं स्थान देतात. मेरून्स डेगॉन, मोलाग बाल, शिओगोराथ आणि मॅलाकाथ यांना संकटांच्या घराचे चार कोपरे म्हणतात. पण तोच मॅलाकाथ ऑर्क लोकांचा देव आहे. इथे मॅलाकाथ संदिग्ध नाही, त्याच्याबद्दल दोन समाजांचं एकमत नाही. आणखी एक गोष्ट बघा. डनमरांचं अधिकृत धर्मपीठ, ट्रायब्युनल टेंपल, पहिल्या तिघांना आपल्या तीन जिवंत देवांचे पूर्वसूचक ठरवतं. त्यामुळे चांगल्या डेड्रांची यादी धर्मपीठाच्या सत्तेलाही सोयीची पडते.

स्वभावातली खरी अडचण अझुराच्या बाबतीत येते. तिच्या नावाने घेतलेली शपथ ट्रायब्युनलच्या तिघांनी मोडली आणि शाप मिळाला अख्ख्या जमातीला: राखेसारखी त्वचा, लाल डोळे. खेळाडू तिचीच भविष्यवाणी पूर्ण करत जातो. नेरेवारचा मृत्यू कसा झाला याबद्दल धर्मपीठ एक सांगतं, ॲशलँडर टोळ्या दुसरं, आणि गेम शेवटचा निवाडा देत नाही. अझुरा न्याय करते आहे की सूड घेते आहे, हे ठरवायला लागणारा पुरावाच वादग्रस्त राहतो. ही संदिग्धता कमावलेली आहे.

आता स्कायरिम. मोलाग बालच्या क्वेस्टमध्ये बोएथायाच्या पुजाऱ्याला मारहाण करून शरण आणायचं आणि नंतर ठार करायचं. बदल्यात गदा मिळते. बोएथायाच्या क्वेस्टमध्ये विश्वासाने सोबत आलेल्या माणसाचा बळी द्यायचा. शेवटी चिलखत मिळतं. एकच खेळाडू दोन्ही करू शकतो. आपल्या पुजाऱ्याचा जीव घेणाऱ्यालाच बोएथाया आपला वीर मानते आणि त्याचा जाबही विचारत नाही. वर अशा १५ वस्तू जमवल्या की ‘ऑब्लिव्हियन वॉकर’ ही अचीव्हमेंट मिळते. संवाद भयानक असले तरी नियमांच्या पातळीवर देवता म्हणजे जमवायच्या वस्तूंची यादी होते.

यावर कुणी म्हणेल, खेळाडूला नकार देता येतो की! येतो. मेरून्स डेगॉनच्या क्वेस्टमध्ये सायलसला जिवंत सोडता येतं, मात्र मग खंजीर हातचा जातो. उलट क्लाविकस व्हाइलच्या क्वेस्टमध्ये बार्बस या कुत्र्याला वाचवलंत तरच यादीत मोजला जाणारा मुखवटा मिळतो. म्हणजे मोजणीला दयेशीही देणंघेणं नाही आणि क्रौर्याशीही. माझा आक्षेप तिथेच आहे: निवड आहे, पण ती लक्षात ठेवणारं जग फारसं नाही.

मॉरोविंडलाही मोकळं सोडू नका. मुख्य कथा पुढे न्यायची तर तिथेही अझुराचं काम करावंच लागतं. फरक इतकाच की तो गेम त्या कामाबद्दलची शंका शेवटपर्यंत जिवंत ठेवतो.

इयान बोगोस्ट यांनी ‘पर्सुएसिव्ह गेम्स’ (२००७) मध्ये मांडलेली ‘प्रोसीजरल रेटरिक’ ही संकल्पना इथे उपयोगी पडते: गेम नियमांमधूनही युक्तिवाद करतो. त्यामुळे तीन रकाने आखा. गेममधली पुस्तकं आणि पात्रं काय म्हणतात, नियम काय करायला लावतात, आणि केल्यावर जग काय लक्षात ठेवतं. तिन्ही रकाने जुळले तर वर्णन होईल. जिथे ते एकमेकांना छेद देतात तिथे तुमचा रिसर्च क्वेश्चन आहे. ‘संदिग्ध’ हा शब्द प्रपोजलमध्ये खुशाल ठेवा, फक्त तो कुठल्या रकान्यातला आहे हे त्याच वाक्यात सांगा.