नक्कल कोणाची?

अमरावतीच्या इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळ चहा पीत बसलो की एक वाक्य हमखास कानी पडते : "हे पोट्टे पिच्चर पाहूनच बिघडले बाप्पा!" अकोल्यात अशोक वाटिकेजवळ बसा, तिथंही तेच. कोणाची पोरगी परजातीच्या पोरासंग गेली की खापर फुटते 'सैराट'वर. आणि भाऊ त्या दोघांचा जीव घेतो तेव्हा पेपरवाले मथळा देतात, 'सैराटची पुनरावृत्ती'.

दोस्तहो, या मथळ्यात लबाडी आहे. नागराज मंजुळेचा सिनेमा आला २०१६ मध्ये. नगर जिल्ह्यात सोनईला तीन दलित तरुणांचे खून झाले २०१३ मध्ये. खर्ड्याला आपलं शाळकरी पोरगं मारलं गेलं २०१४ मध्ये. हे कोणत्या पिच्चरची पुनरावृत्ती होती? रक्त आधी सांडलं, सिनेमा मागून आला.

नक्कल होते, हे खरंच. १९७५ चा 'शोले' पाहून गल्लोगल्ली गब्बर पैदा झाले. पण पोट्ट्यांनी त्याचं बोलणं उचललं, चाल उचलली. कोणी कोणाचे हात नाही कापले. 'पुष्पा' पाहून हनुवटीखालून हात फिरवणारेही रक्तचंदन तोडाले गेले नाहीत. पडद्यावरून ढब येते. माणूस मारायची हिंमत दुसरीकडून येते.

कुठून? १९१६ मध्ये, वयाच्या पंचविशीत, बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. फ्रेंच विचारवंत तार्दचा आधार घेऊन त्यांनी त्यात मांडलं की जात पसरली ती नकलेनं. ब्राह्मणांनी आपलं दार लावून घेतलं. ते पाहून बाकीच्यांनी आपापलं लावलं. नक्कल वरून खाली झिरपते. ज्याला मान आहे आणि जो जवळ आहे, त्याची जास्त होते.

आता 'सैराट' पुन्हा पाहा. पाटलाचा प्रिन्स भर वर्गात प्राध्यापकाच्या थोबाडीत मारतो. बाप त्याचीच बाजू घेतो. हे पोरगं थेटरात नाही शिकलं, वाड्यावर शिकलं. शेवटी माहेरच्या भेटी घेऊन तो बहिणीच्या दारात येतो, तो तिथूनच. मंजुळेनं नेमकं हे टिपलं. हिंदीवाल्यांनी २०१८ मध्ये त्याचा 'धडक' केला, तेव्हा 'झिंगाट' घेतलं आणि जात पुसट केली.

पण हिंदीवाल्यांवर काहून हसता? आपण तरी काय केलं? 'झिंगाट' हळदीत डीजेवर वाजवलं, शेवट थेटरातच ठेवून आलो. आपल्या लग्नात हळद, वरात, हुंडा आला तो कोणाच्या घरून?

नक्कल वाईटच असते असं नाही. महाडला १९२७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, जात ओळखू येते असं लुगडं, असे दागिने टाका. वरच्या जातीच्या बायांसारखं नेसा. तीही नक्कलच होती. पण तिनं जातीची खूण पुसली.

म्हणून सवाल सिनेमाचा नाही. उद्या पोरानं मातंगाची पोरगी सून म्हणून आणली, पोरीनं चर्मकार जावई आणला, तर आपण पाणी देऊ की पोटजातीचा हिशेब मांडू? प्रिन्सला शिव्या देणं सोपं आहे. पयले आपलं दार पाहा, उघडं हाये का लावेल.