चित्रपटांतील हिंसा आणि परिनिरीक्षणाची कात्री

चित्रपटांतील मारामारीने गुन्हे वाढतात, सबब ती कापावी, हे मत शिक्षकवर्गात वारंवार ऐकू येते. ते अगदीच निराधार नाही. पडद्यावरची युक्ती उचलणारा एखादा तरुण निघतोच. परंतु युक्ती उचलणे निराळे आणि गुन्ह्याची वृत्ती जडणे निराळे.

श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून गोविंद निहलानींनी 1983 साली काढलेला ‘अर्धसत्य’ घ्या. पटकथा विजय तेंडुलकरांची. फौजदार अनंत वेलणकर कोठडीत एका भुरट्या चोराला इतके मारतो की तो प्राणास मुकतो. प्रसंग सुसह्य नाही, नसावाच. त्या हाताला वळण लागले ते घरी, आईला मारणाऱ्या पोलिसातल्या बापाच्या धाकात. आणि संताप साचला तो रामा शेट्टीसारख्या गुंडाला लाभलेल्या राजकीय पाठबळामुळे. कात्रीने तेवढा प्रसंग उडवला, तर उरेल तो नुसता शूर फौजदार. माझ्या मते अधिक घातुक तोच!

‘बँडिट क्वीन’मधील अत्याचाराची दृश्ये अत्याचाऱ्यांविषयी तिटकारा उपजवितात, हे ध्यानी घेऊनच सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली तो चित्रपट मोकळा केला.

मुलांचा प्रश्न मात्र वेगळा. त्यांना घाव दिसतो, त्यामागील कारणपरंपरा दिसत नाही. यास्तव वयानुरूप प्रमाणपत्रे मला मान्य आहेत. 2023 च्या दुरुस्तीने त्यांत 7, 13 व 16 वर्षांच्या पायऱ्या आल्या. पण त्या पाळावयाच्या पालकांनी, आणि चित्रपट तर आता मुलाच्या हातातल्या मोबाईलवर येऊन बसला आहे.